विनीच्या स्वयंपाकघरातून जाणारी शीव

विदीबर्न
२१ एप्रिल १९५८

प्रिय विनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून कोण गेलं असं तुझ्या मनात येईल. कोणी गेलेलं नाही. बाबा आहेत, मी आहे, माझ्या मेबलचे गुडघे तिच्याहून जास्त बोलतात तसेच बोलतायत.

तुझ्या आणि माझ्या घरामध्ये एक ओढा आणि तीन शेतं. चालत आलो असतो. पण तुझ्या दारात उभा राहिलो की मी टोपी हातात फिरवत हवापाण्याचं बोलतो आणि परत येतो, हे नाताळात तू पाहिलंच आहेस. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही.

काम आपल्या बाबांचं आहे. त्यांचं नाव वाचून पत्र चुलीत घालू नकोस, आधी पुरं वाच.

चर्चच्या आवारात आता कबरींना जागा उरलेली नाही. खणणारा मीच, तेव्हा हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? वरच्या बाजूला दोन हात मातीखाली खडूचा दगड लागतो, खालच्या बाजूला हिवाळ्यात पाणी. मधला पट्टा तेवढा चांगला, आणि तो भरत आला. म्हणून नव्या पाद्रीसाहेबांनी, फेनिमोरसाहेबांनी, ठरवलं की यापुढे जो विदीबर्नच्या शिवेच्या आत राहतो त्याचा इथे पुरलं जाण्याचा हक्क. बाहेरच्याने परवानगी मागायची. ठराव योग्यच आहे, मीही हात वर केला.

मग शीव कुठून जाते हे एकदा पक्कं करायला ऑक्टोबरात ते आणि शेजारच्या कलस्टोकचे पाद्री शाळेच्या खोलीत बसले आणि गावातली जुनी माणसं बोलावली. वरची शीव कोणी विचारलीच नाही. टेकडीवरचं जुनं थडगं, काटेरी कुंपण, मेंढीच्या आकाराचा दगड, ती सगळ्यांना पाठ आहे. खालच्या अंगाला आल्यावर फेनिमोरसाहेब म्हणाले, "इथून पुढे?"

बाबा म्हणाले, "ओढ्याने."

"नक्की?"

"साहेब, तुमच्या वडिलांना दात आले नव्हते तेव्हापासून मी दर वर्षी ही शीव चालतोय."

सगळे हसले. पुलाजवळचा पबवाला जेसप म्हणाला, "ओढ्यानेच तर. आमच्या पुलाशी येऊन माझं बिअरचं एक पिंप रिकामं करतात आणि मग पुढे जातात." पुन्हा हसणं. ओढा शीव म्हणून ठरला. दर स्वर्गारोहणाच्या गुरुवारी गाव पाद्रींबरोबर शीव चालतं, आणि वीस-एकवीस वर्षं सगळं गाव ओढ्यानेच चालत आलंय, तेव्हा कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

फेब्रुवारीत बाबांची छाती भरली. फेनिमोरसाहेब त्यांना बघायला गेले. माणूस मनाने चांगला आहे. उठताना म्हणाले, "पॅडविकबाबा, तुमचं हे खोपटं ओढ्याच्या पलीकडे, म्हणजे आता कलस्टोकमध्ये जातं. पण तुम्ही काळजी करू नका. तुमच्या पत्नीशेजारी तुम्हाला जागा मिळेल. मी परवानगी लिहून देतो, पाच मिनिटांचं काम."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "परवानगी परक्याला देतात."

तेव्हापासून एकच धरून बसलेत. हक्काने नेणार असाल तर आईशेजारी न्या, नाहीतर कलस्टोकला पुरा, जिथे माझं नावही कोणाला माहीत नाही. मी समजावलं, मेबलने समजावलं, फेनिमोरसाहेब दोनदा जाऊन आले. बाबांनी जे म्हटलं ते ते करतील. तुला मी हे सांगायला नको. आईशेजारची जागा मी स्वतः मोकळी ठेवली आहे, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की पुढचा हिवाळा धरू नका.

उपाय एकच आहे आणि तो सोपा आहे. स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, पंधरा मेला, गाव शीव चालेल. दोन्ही पाद्री बरोबर असतील. त्या दिवशी आपण जुन्या, खऱ्या शिवेने चाललो तर ती मान्य करायला दोघेही तयार आहेत. कलस्टोकच्या पाद्रींना ती चार एकर दलदल नकोच आहे.

खरी शीव कुठून जाते हे तू जाणतेसच. ओढ्याच्या पलीकडच्या जुन्या चराने. तो चर तुझ्या घराखाली गेलाय. पुढच्या खिडकीतून आत, मागच्या खिडकीतून बाहेर.

म्हणून हे पत्र.

तुझा
ह्यूबर्ट


विदीबर्न
२८ एप्रिल

प्रिय विनी,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ, पण पोस्टमनने वाचली, मग जेसपच्या बायकोने वाचली, आणि मला ती मिळायच्या आधी गिरजाघराच्या दाराशी दोघांनी मला तोंडी सांगितली. "वाट कोणी वळवली ते त्यांना विचार."

विचारलं. परवा संध्याकाळी त्यांच्याकडे सरपण घेऊन गेलो तेव्हा सरळ विचारलं. "बाबा, विनीचं लग्न झालं त्या पुढच्या मेमध्ये तुम्ही सगळ्यांना ओढ्याने का नेलंत?"

म्हणाले, "पाणी वाढलं होतं. चर भरला होता."

खडूच्या टेकड्यांखालचा ओढा मे महिन्यात वाढत नाही, तो जानेवारीत फुटतो आणि मेमध्ये उतरायला लागतो. मला हे कोणी शिकवलं असेल ते तू ओळख.

मी त्या वर्षी सॅल्सबरीला कामाला होतो. पण आईने मला जे सांगितलं ते तुला तिने सांगितलं नसेल म्हणून लिहितो. वाळुंजाच्या झाडापाशी रांग आली. तिथून तुझ्या घराची पुढची खिडकी दिसते. खिडकी सताड उघडी, ओट्यावर केक, आल्बर्ट नव्या कोटात दाराशी. बाबा सगळ्यांत पुढे, हातात शिवेच्या खुणांवर आपटायची सोललेली काठी. ते थांबले. आईला वाटलं दम लागला. मग ते डावीकडे वळले. चर्चचे कारभारी तेच, वाट दाखवणारे तेच. पाद्री वळले, पोरं वळली. आई म्हणाली, मी पण वळले, ह्यू, माझे पायच वळले. पुढच्या वर्षी ओढ्याची वाट सोपी पडते असं कोणीतरी म्हणालं, त्याच्या पुढच्या वर्षी जेसपने पुलाशी पिंप मांडलं, आणि मग गावाला दुसरी वाट आठवायची गरजच राहिली नाही.

आपल्या चर्चला न येता दुसऱ्या पंथाच्या चॅपलला जाणाऱ्या एका गिरणीवाल्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून एका म्हाताऱ्याने गावाची शीव चार एकर आत ओढली, आणि नंतर स्वतः जाऊन त्या चार एकरांत राहिला. हे मी त्यांना असंच म्हणालो. त्यांनी सरपणाकडे बघून विचारलं, "ओलं का आणलंस?"

ते तिथे का राहायला गेले हे तू कधी विचारलं नाहीस. आई गेल्यावर आमच्याकडे होते. मग एके दिवशी म्हणाले, तुमच्या घरात गोंगाट फार. आमच्या घरात मी आणि मेबल, आणि आम्ही दोघंही फारसं बोलत नाही. त्या खोपट्यात राहायला गेले त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची खिडकीपाशी ठेवायला लावली. त्या खिडकीतून एकच घर दिसतं. मी म्हटलं, चुलीपाशी ठेवू? म्हणाले, नको, इकडे ऊन येतं.

ती उत्तरेची खिडकी आहे, विनी.

तुला आठवत असेल, मुलींना शिवेच्या दगडावर उलटं धरायची रीत नव्हती. पोरांनाच धरायचे, डोकं दगडाला टेकवायचे, म्हणजे जागा जन्मभर लक्षात राहते. तू रडून गोंधळ घातलास, मला पण धरा म्हणून. त्या वेळच्या पाद्रींनी तोंड वाकडं केलं. बाबांनी तुझे पाय धरून तुला उलटं केलं आणि म्हणाले, हिच्याही लक्षात राहू दे, काय बिघडलं.

मी तुझ्यावर काही लादत नाही. खिडकी उघडायची की नाही, ती तुझी.

ह्यू


मिल हाउस, कलस्टोक
३ मे

ह्यू,

तुझी पत्रं फार लांब असतात. रविवारचं प्रवचन तू नाही करत याबद्दल देवाचे आभार.

खिडकीचं विचारतोस. त्या दिवशी माझी खिडकी उघडीच असते. एकवीस वर्षं दर स्वर्गारोहणाच्या गुरुवारी मी ती उघडते आणि दुपारी माश्या यायला लागल्या की बंद करते. आल्बर्ट म्हणायचा, कशाला उगाच. मी म्हणायची, शीव आपल्या घरातून जाते, त्यात आपल्या बापाचं काय जातं. म्हणजे तुझ्या बापाचं, ह्यू.

तेव्हा त्यांना सांग, शिवेला माझी ना नाही. या खिडकीने आत या, त्या खिडकीने बाहेर जा. खालचा ओटा दगडी आहे, घसरतो. आल्बर्टला आत उभा करते, त्याने आयुष्यभर पोती झेललीत, एक आणखी झेलेल.

केक असेल. गावाला खाऊ दे. पण ऐक, हेही त्यांना सांग आणि शब्द बदलू नकोस. शीव म्हणून जो येईल तो जाईल. बसायचं असेल तर विचारावं लागेल. माझ्या घरात माझा बाप म्हणून कोणाला खुर्ची हवी असेल तर त्याने "विनी, येऊ का?" एवढं म्हणायचं. मी काही मोठं मागत नाही. माझ्या लग्नात मी दर माणूस आत आला की दाराकडे बघत होते. तेवढं त्यांच्या कानावर घाल.

मेबलच्या गुडघ्यांना कोबीची पानं बांध. गरम करून.

विनिफ्रेड ट्रिम


विदीबर्न
९ मे

प्रिय विनी,

शब्द न बदलता वाचून दाखवलं. लग्नाचं वाक्यही. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, कान कमी झालेत. मग बराच वेळ काठी सोलत बसले.

शेवटी म्हणाले, "तिचं बरोबर आहे. शीव जाईल, मी जाणार नाही."

"म्हणजे येणार नाही तुम्ही?"

"येणार. शीव म्हणून. पण विचारत नसतो मी कोणाला. शीव विचारून जात नाही."

मी म्हटलं, शिवेला छातीचा आजार नसतो. तर म्हणाले, तू कबरी खण, मला शिकवू नकोस.

आता ते रोज सकाळी दोन पेट्या एकावर एक ठेवून त्यावर चढायचा सराव करतात. मेबलने पाहिलं. ती म्हणाली, हा माणूस सरळ तिच्या दारावर जाऊन दोन शब्द बोलला असता तर त्याला निम्मा दम लागला असता.

कलस्टोकचे पाद्री येतायत. जेसप विचारत होता की पुलाशी आता कोणी थांबणार नाही, तर पिंपाचं काय करू. मी म्हटलं, गिरणीपर्यंत ढकलत आण.

वाईट वाटून घेऊ नकोस. माझी प्रार्थना चालू आहे, आणि ती ऐकली जाईल की नाही याची मला चिंता वाटत नाही.

ह्यू


विदीबर्न
१७ मे

प्रिय विनी,

घराच्या आतलं तू पाहिलंस. बाहेरचं मी पाहिलं, ते सांगतो. तेवढं तुझ्याकडे यायला हवं.

वाळुंजाच्या झाडाशी बाबा थांबले तेव्हा माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, पुन्हा वळतो वाटतं. डावीकडे ओढ्याची वाट तुडवून गुळगुळीत झालेली, समोर चराच्या बाजूने नुसती खाजकुयली. बाबांनी काठीने ती आडवी केली आणि त्यात शिरले. सगळे मागोमाग. फेनिमोरसाहेबांचा पांढरा झगा खालून हिरवा झाला.

खिडकीशी मी आणि जेसपने त्यांना उचललं, आतून आल्बर्टने हात पुढे केले. चौकटीवर बसून ते क्षणभर थांबले, एक पाय तुझ्या घरात, एक बाहेर. आल्बर्ट म्हणाला, "या, एझ्राकाका, मी धरलंय." ते त्याला म्हणाले, "चाळीस वर्षं तुझ्या गिरणीचं पीठ खाल्लं, आज मीच पोतं झालो." तू हसू दाबलंस. ते मी बाहेरून पाहिलं, त्यांनी नाही पाहिलं, कारण ते खाली फरशीकडे बघत होते.

मग ते आत उभे राहिले. टेबलाच्या कडेला हात धरून. स्तोत्र म्हणून झालं, काठी फरशीवर आपटून झाली, गाव केकवर तुटून पडलं. तू चहा ओतत होतीस. खुर्ची त्यांच्या कोपराला लागत होती, विनी. मी खिडकीत अडकलो होतो, नाहीतर मीच त्यांना खाली दाबलं असतं. त्यांचे ओठ निळे झाले होते. तू किटली हातात घेऊन त्यांच्याकडे बघत होतीस, ते तुझ्याकडे. कलस्टोकचे पाद्री तोंडात केक घेऊन थांबले.

ते म्हणाले, "पुढे चला." आणि मागच्या खिडकीकडे वळले.

आता जे तू पाहिलं नाहीस ते. मागे, गिरणीच्या बांधावर उतरल्यावर दहा पावलांत ते बसले. गवतात, सरळ खाली. फेनिमोरसाहेब घाबरले. मी त्यांच्या पाठीला हात लावून बसलो. श्वास परत आल्यावर त्यांनी विचारलं,

"शहाजिरं घातलं होतं का?"

"कशात?"

"केकमध्ये."

मी खाल्ला होता, म्हटलं, "हो. आईसारखं."

"वास आला," ते म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "वास आला."

दोन्ही पाद्रींनी तिथेच, बांधावर उभं राहून, हात मिळवले. शीव चराने. चार एकर, दोन खोपटी आणि तुझ्या घराचा अर्धा भाग विदीबर्नचा. फेनिमोरसाहेब वाकून म्हणाले, "पॅडविकबाबा, झालं. आता कोणाची परवानगी नको. तुमचा हक्क."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते तुझ्या मागच्या खिडकीकडे बघत होते. आत तू केकची ताटली उचलत होतीस.

ह्यू


विदीबर्न
३० मे

प्रिय विनी,

हे पत्र बाबांनी सांगितलेलं आहे. मी फक्त लिहितोय. ते शेजारी बसलेत आणि माझ्या खांद्यावरून बघतायत, जरी चष्मा त्यांनी लावलेला नाही.

आधी माझं थोडं. त्या दिवसापासून ते त्यांच्या खोपट्यात आडवे झालेले नाहीत, खुर्चीत बसून रात्र काढतात. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. मेबलने आमची वरची खोली काढली, पांघरुणं वाळवली. आज सकाळी मी हातगाडी घेऊन त्यांना न्यायला गेलो. ते कोट घालून तयार होते. बूट पुसलेले. मी म्हटलं, चला.

म्हणाले, "तुझ्याकडे नाही."

"मग कुठे?"

मी वाट पाहिली. आपल्या बाबांबरोबर वाट पाहणं मी चांगलं शिकलोय.

"ह्यू, ते घर आता अर्धं विदीबर्नचं ना?"

"हो."

"चुलीकडची बाजू?"

"चुलीकडची बाजू आपली. ओट्याच्या पलीकडची कलस्टोकची."

मी समजलो असं मला वाटलं. म्हटलं, बाबा, त्याची आता गरज नाही. हे खोपटं पुरं शिवेच्या आत आलंय. तुम्ही इथे राहिलात तरी हक्क, आमच्याकडे राहिलात तरी हक्क. आईशेजारची जागा तुमची आहे, ती कोणी घेत नाही. तुम्हाला आता कोणाला काही विचारायची गरज उरलेली नाही.

"ते मला कळतं," ते म्हणाले. "म्हणूनच."

मग मला कागद काढायला लावला. मी लिहायला सुरुवात केली की बाबा रविवारी तुझ्याकडे राहायला येणार आहेत, त्यांना चुलीजवळची जागा बरी पडेल. त्यांनी माझा हात धरला. त्या हातात आता जोर नाही, पण मी थांबलो.

"येणार आहे असं नको लिहू," ते म्हणाले. "तिने सांगितलंय काय म्हणायचं ते."

मग त्यांनी घसा साफ केला, त्या उत्तरेच्या खिडकीकडे तोंड केलं आणि मला लिहायला सांगण्याऐवजी तिकडेच म्हणाले. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

विनी, येऊ का?

एझ्रा पॅडविक